दूरध्वनिक्रमांकांचा शोध आणि देवनागरी अंक

मजकुरातून दूरध्वनिक्रमांक वेचण्याच्या रीतीचा उगम गणितात आहे. चिन्हमालांचे नियमबद्ध वर्णन स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये मांडले. केन टॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये त्यास संगणकीय शोधाचे साधन बनविले. सोलापूरचा स्थिर दूरध्वनिक्रमांक या रीतीने थोडक्यात सांगता येतो : आरंभी ०२१७, पुढे सात अंक. परंतु अंक म्हणजे कोणती चिन्हे? मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू एकत्र नांदणाऱ्या या नगरात हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरी अंकांना स्वतंत्र संकेत दिले. २००८ मधील पायथॉन ३ च्या शोधनियमांत ते आपोआप अंक ठरले. जावास्क्रिप्टचे अंकदर्शक चिन्ह मात्र आजही रोमन लिपीबरोबर रूढ झालेलेच अंक ओळखते. सारांश, यंत्रास न गवसलेला क्रमांक मजकुरात नसतोच असे नव्हे. नियमकर्त्याने त्याची लिपीच विचारात घेतलेली नसते.