भट्टीच्या तोंडाएवढी भिंत

मातीचं मोठं काम बघताना एक साधी गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. भट्टीच्या तोंडातून आत जाईल तेवढाच तुकडा भाजता येतो. पुढे त्याची भिंत पन्नास फुटांची होवो की शंभर, ती घडते पाट किंवा परात मावेल एवढ्या मापातूनच.

माझं माहेर ग्वाल्हेरचं, म्हणून मला हे दगडाशी ताडून बघायची सवय लागली. किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात कोरलेल्या तीर्थंकरांच्या उभ्या मूर्ती आहेत, त्यांतली सर्वांत मोठी पन्नास फुटांहून उंच. शिल्पकाराला तिथे अख्खा डोंगर मिळाला, त्यामुळे सांधा कुठेच नाही. आणि त्याच किल्ल्यावर, थोड्याच दशकांनी, राजा मानसिंह तोमराने बांधलेल्या महालाच्या भिंतीवर निळी-पिवळी झिलईची कौलं बसवली: बदकांच्या रांगा, हत्ती, केळीची झाडं. तिथे सगळं तुकड्यांनी जोडलेलं. लहानपणी आम्ही बदकंच मोजायचो. त्या बदकांच्या मधल्या सांध्यांकडे बघायला पुढे वय व्हावं लागलं.

या सांध्यांचं काय करायचं, हाच मोठ्या मातीकामाचा खरा प्रश्न आहे. हल्ली सार्वजनिक कलेच्या स्पर्धा होतात. चौकात, विमानतळावर, विद्यापीठाच्या आवारात काहीतरी भव्य हवं असतं. परीक्षक कागदावरचं चित्र आणि हातभर उंचीचा नमुना बघून निकाल देतात. कागदावर सांधे दिसत नाहीत. भट्टीही दिसत नाही. ज्या कामाला पुढे जगातलं मोठं बक्षीस मिळालं, त्याच्या पहिल्या खेपेचं काय झालं, ते म्हणूनच सांगावंसं वाटतं.

पॅरिसमध्ये युनेस्कोचं मुख्यालय १९५५ ते १९५८ या काळात उभं राहत होतं. मार्सेल ब्रॉयर, पिएर लुइजी नेर्वी आणि बर्नार झेर्फ्युस हे त्याचे वास्तुकार. इमारतीसाठी पिकासो, हेन्री मूर, काल्डर, नोगुची अशा बड्या बड्या मंडळींकडून कामं मागवली होती. जोआन मिरो या बार्सिलोनाच्या चित्रकाराच्या वाट्याला आवारातल्या दोन भिंती आल्या. दोन्ही तीन मीटर उंच; एक पंधरा मीटर लांब, दुसरी तिच्या निम्मी. आसपास काँक्रीट आणि काच. मिरोने जागा पाहिली आणि ठरवलं की मोठ्या भिंतीवर लालभडक सूर्याची तबकडी आणि लहान भिंतीवर निळी चंद्रकोर. रंग नुसता लावला तर ऊनपावसात टिकणार नाही, म्हणून भिंती भाजक्या मातीच्या.

आता चित्रकाराला भट्टी येत नसते. ती येत होती त्याच्या मित्राला, जोसेप योरेन्स आर्तिगासला. दोघं बार्सिलोनाचेच, जवळपास एकाच वयाचे, तरुणपणापासूनचे स्नेही. आर्तिगास हा आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर कुंभार. पण प्राचीन इजिप्तच्या झिलईवर अभ्यास करून लिहिणारा कुंभार. १९५०च्या सुमारास त्याने कातालोनियाच्या डोंगरातल्या गायीफा या लहानशा गावात बस्तान हलवलं होतं आणि तिथे लाकडावर चालणाऱ्या भट्ट्या होत्या. त्याआधी दोघांनी मिळून बरणी, ताटं, लहान मूर्ती अशी बरीच कामं केली होती. भिंत कधीच केली नव्हती.

आम्हा बायकांना वाळवणं ठाऊक असतात, म्हणून सांगते. पापड उन्हात टाकला की कडेने आधी वाळतो आणि कडा वर येतात. मातीच्या लादीचं अगदी तसंच. वाळताना ती आकसते, भाजताना पुन्हा आकसते. दोन्ही मिळून दहातला एक भाग सहज जातो. एका बाजूने पाणी लवकर गेलं की लादी वाकते, तडकते. आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन फुटते. म्हणून जाड लादीच्या मातीत आधीच भाजून भरडलेली माती मिसळतात, सावलीत सावकाश वाळवतात, उलटसुलट करतात. शेकडो लाद्यांना हे करायचं आणि शेवटी त्या एकमेकींशेजारी बसायलाही हव्यात. पापडाचं बरं असतं, त्याला शेजारी नसतो.

पहिल्या खेपेत आर्तिगासने सुमारे अडीचशे लाद्या केल्या, सारख्या मापाच्या, चौकोनी. मिरोने १९५८मध्ये या कामावर एक छोटं टिपण लिहिलं आहे, त्यात हा भाग येतो. लाद्या तडकल्या नव्हत्या. भट्टीने दगा दिला नव्हता. पण मांडून बघितल्यावर दोघांनाही त्या नकोशा झाल्या. सारख्या चौकटींची जाळी डोळ्यांत भरत होती आणि भिंत मेल्यासारखी दिसत होती. कुठल्याही स्वच्छ न्हाणीघरासारखी, असं मी म्हणेन. त्या सगळ्या बाजूला ठेवून काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. इतक्या मातीचा, झिलईचा आणि लाकडाचा जळून गेलेला खर्च!

मला या इतिहासातली ही जागा सर्वांत मोलाची वाटते. बिघडलेलं काम टाकून देणं सोपं असतं, त्यात वाद नसतो. बिनचूक झालेलं काम टाकायला फार मोठी छाती लागते, त्यातून ते कारागिराच्या हातचं असलं तर जास्तच. कारण कारागिराची अब्रू बिनचूकपणावरच असते. सारख्या मापाच्या अडीचशे लाद्या न वाकवता काढणं हीच तर आर्तिगासची विद्या होती. तीच भिंतीच्या आड आली.

मार्ग सापडला तो भटकंतीतून. दोघं उत्तर स्पेनमध्ये आल्तामिराच्या गुहेतली आदिमानवाची चित्रं बघायला गेले होते. जवळच सान्तियाना देल मार नावाचं जुनं गाव आहे. तिथल्या प्राचीन चर्चची ओल खाऊन झिजलेली भिंत त्यांच्या नजरेत भरली. दगड लहानमोठे, कुणीही एका मापाचा नाही, आणि ओलीने त्यांच्यावर आपोआप रंग चढलेले. बार्सिलोनातल्या संग्रहालयातली जुनी भित्तिचित्रं आणि गाउदीने ग्वेल बागेत केलेलं कामही मिरोने पुन्हा जाऊन पाहिलं. मग लाद्या कापल्या त्या गडावरच्या तटाच्या दगडांसारख्या: कुठे रुंद, कुठे अरुंद, कडा थोड्या ओबडधोबड. सांधे लपवायचा नाद सोडला. सांधाच चित्राचा भाग झाला. दोन भिंतींना मिळून अशा ५८५ लाद्या लागल्या.

रंगवायची वेळ आली तेव्हा लाद्या जमिनीवर पसरलेल्या होत्या. मिरोने कुंचला बाजूला ठेवला आणि झाडू घेतला. पाच-सहा मीटर लांबीच्या रेघा हातभर कुंचल्याने ओढता येत नाहीत. आर्तिगास श्वास रोखून बघत उभा होता, असं मिरोच लिहितो. का नाही रोखणार? महिनोन् महिने जपलेल्या लाद्यांवर हा माणूस झाडू फिरवणार, आणि झिलईत खोडरबर नसतो. शिवाय कच्ची झिलई दिसते करड्या-गुलाबी मातकट पाण्यासारखी. लाल कुठला, निळा कुठला, ते भट्टीतून निघाल्यावर कळायचं. लाकडाच्या भट्टीत तर ज्वाळेजवळच्या लादीचा रंग वेगळा, कोपऱ्यातल्या लादीचा वेगळा.

भट्टी एकूण पस्तीस वेळा पेटली. शेवटची २९ मे १९५८ रोजी. पंचवीस टन लाकूड जळलं. आकडे वाचायला सोपे आहेत. एका खेपेत किती गोष्टी येतात बघा. लाद्या एकमेकींना न चिकटतील अशा रचायच्या, तोंड बंद करायचं, हळूहळू आच चढवायची, रात्रभर लाकूड सारत बसायचं, आणि मग सर्वांत कठीण काम, थांबायचं. घाईने तोंड उघडलं की थंड हवा लागून सगळं तडकतं. आणि ५८५ लाद्यांतली एक गेली तर तिच्या जागी दुसरी कुठूनही आणता येत नाही, कारण तिच्यावरच्या रेघा शेजारणींकडून येतात आणि शेजारणींकडे जातात. इतकं करून दोघांनी भिंत उभी अशी पाहिलीच नव्हती. तुकडे जमिनीवर मांडलेले, तेही जवळून. पॅरिसला पोचून चढवल्यावरच दुरून बघायचं.

नोव्हेंबर १९५८मध्ये युनेस्कोच्या इमारतीचं उद्घाटन झालं. त्याच वर्षीचं गुगेनहाइम आंतरराष्ट्रीय पारितोषिक या भिंतींना मिळालं. दहा हजार डॉलर, त्या काळी फार मोठी रक्कम. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते मिरोला ते देण्यात आलं. जगभरच्या कलेच्या पुस्तकांत या भिंती ‘मिरोच्या’ म्हणून छापल्या जातात. खरं तर दोघांच्या जोडकामांवर दोघांच्याही सह्या असत, आणि मिरोने आपल्या टिपणात आर्तिगासला कुठेही मागे ठेवलेलं नाही. मागे ठेवणारे आपण, वाचणारे आणि छापणारे. चित्र काढणाऱ्याचं नाव तोंडात बसतं, भट्टी राखणाऱ्याचं बसत नाही. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईला हे कुणी वेगळं समजावून द्यायला नको.

याच्या नेमक्या उलट वाटेने गेलेलं एक काम आपल्या देशात आहे, आणि त्याचा धागा आमच्या बडोद्याशी जुळतो. सयाजीराव विद्यापीठात १९५०मध्ये ललितकला विभाग सुरू झाला. चित्रकलेला इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे होते, त्यामुळे आमच्या मराठी घरांतून त्या विभागाबद्दल जरा जास्तच आपुलकीने बोललं जायचं. पुढच्याच वर्षी तिथे आले के. जी. सुब्रमण्यन, बडोद्याचे मणिदा. मूळचे केरळचे. भारत छोडो आंदोलनात तुरुंगात गेले, म्हणून सरकारी महाविद्यालयांची दारं बंद झाली आणि ते शांतिनिकेतनला नंदलाल बसूंकडे पोचले. त्या भागात भाजक्या मातीच्या नक्षीची देवळं जागोजागी आहेत. हाताच्या पंजाएवढ्या विटांवर युद्धं, नावा, शिकारी, आणि विटा जोडत जोडत अख्खं देऊळ. मधली दोनेक वर्षं मणिदा मुंबईत हातमाग मंडळात होते. उभ्या-आडव्या धाग्यांतून आकार कसा उमटतो, ते त्यांनी रोज पाहिलं असणार.

रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने गावोगावी नाट्यगृहं बांधली गेली, त्यांतलं लखनौचं रवींद्रालय. त्याच्या बाहेरच्या भिंतीसाठी मणिदांनी १९६३मध्ये भाजक्या मातीचं भित्तिशिल्प केलं. लांबी ८१ फूट, उंची ९ फूट, आणि तुकडे सुमारे १३,०००. मिरोच्या दोन भिंती मिळून लांबीला याहून लहान, आणि लाद्या सहाशेच्या आत. मणिदांनी सांधा लपवला नाही आणि त्याला दगडासारखा ओबडधोबडही केला नाही. त्यांनी तुकड्याचंच अक्षर केलं. लहान लहान सुटे आकार, काही नुसत्या भाजक्या मातीचे, काही झिलईचे, आणि तेच पुन्हा पुन्हा वापरून कुठे माणूस, कुठे झाड. वर्णमाला थोडकी असली तरी तिच्यातून हवं ते लिहिता येतं, तसं. यात एक मोठी व्यावहारिक सोयही आहे. तुकडा लहान असला की वाकत नाही, फुटला तर एकच फुटतो, आणि त्याला साध्या कुंभाराची भट्टी चालते. गायीफासारखी पंचवीस टन लाकडाची चैन आपल्या संस्थांना कुठून परवडायची!

विषय घेतला रवींद्रनाथांच्या ‘राजा’ या नाटकाचा. राणी सुदर्शना राजाला फक्त अंधाऱ्या दालनात भेटते, उजेडात तिने त्याला कधी पाहिलेलंच नाही, आणि बाहेर आल्यावर ती भलत्याच सजलेल्या माणसाला राजा समजते. भट्टीवर काम करणाऱ्यांना हे नाटक जास्त कळत असेल, असं मला उगाच वाटतं. त्यांचंही सगळं रूप अंधारातच ठरतं.

लखनौची ती भिंत चारबाग स्टेशनच्या समोर आहे. तिकीट लागत नाही. रिक्षावाले, सामान सांभाळत बसलेली कुटुंबं, गाडीची वाट बघणारे लोक तिच्यासमोरून जात-येत असतात. मी गेले होते तेव्हा माझी पुतणी तुकडे मोजायला लागली आणि शंभराच्या आसपास कंटाळली. मग म्हणाली, “काकू, हे एकाच माणसाने केलं?” मी म्हटलं, एकाने आखलं. माती मळणारे, साचे भरणारे, भट्टी लावणारे, चुन्या-सिमेंटात बसवणारे किती होते, ते भिंतीकडे बघून मोज. ती पुन्हा डाव्या कोपऱ्यापासून सुरू झाली.