बंद घराची राखण कोण करायचं?

मांद्रेच्या जुन्या घरांवर बोलताना आपण बहुधा बांधणीवरच बोलतो. चिऱ्यांच्या भिंती, राजांगण, कौलारू छप्पर. मला मात्र दुसराच प्रश्न पडतो. मालक मुंबईला गेल्यावर ही घरं टिकली कशी?

पेडणे महाल 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. पुढे पोटापाण्यासाठी इथल्या कितीतरी कुटुंबांनी मुंबई गाठली. घर बंद करायचं आणि चतुर्थीला येऊन उघडायचं. 1955 च्या सत्याग्रहानंतर सीमेवरचं येणं-जाणं फार अवघड झालं, ते 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त होईपर्यंत. या काळात चतुर्थीला घरी पोचणंही सोपं राहिलं नाही.

जुनी माणसं सांगतात, कुलपावर कोणी विसंबत नसे. चावी शेजाऱ्याकडे नाहीतर मुंडकाराकडे असायची. मिरगाआधी फुटकी कौलं बदलायची, पावसात उघडीप मिळाली की दारं-खिडक्या उघडायच्या, मधून मधून चूल पेटवायची. धुरामुळे वाशांना कीड कमी लागते. शिवाय तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, आणि राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं.

हे सगळं प्रेमापोटीच होत होतं, असं मात्र समजू नये. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या भाटात घर करून राहणारा. माडांची आणि घराची राखण ही बऱ्याचदा त्या राहण्याची किंमत असे. दुसऱ्याचं बंद घर सांभाळणाऱ्याचं स्वतःचं घर भाटकाराच्या मर्जीवर उभं होतं. 1975 च्या मुंडकार कायद्याने त्याला हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, पुढे घर आणि त्याखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला. हे व्हायलाच हवं होतं.

पण त्यानंतर भाटकारांच्या मनात एक भीती बसली: चावी दिली तर घर जाईल. खरं तर पगार घेऊन मालकाच्या आवारात राहणारा चौकीदार कायद्याच्या व्याख्येत मुंडकार ठरत नाही. तरी घरं कडेकोट बंद झाली आणि वाळवीने आतून पोखरली.

आता धोका कागदावरही आहे. दूर राहणाऱ्यांच्या जमिनी बनावट दस्तऐवजांनी लाटल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा जून 2022 मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. म्हणून बाहेरगावच्या मंडळींनी कौलांइतकंच एक-चौदाच्या उताऱ्याकडे लक्ष द्यावं. वर्षातून एकदा तरी तो काढून नावं तपासावीत. गावातल्या माणसाला रीतसर पगार द्यावा, लेखी करार करावा आणि चावी द्यावी.

आणि आपल्या मंडळाने घरांच्या नोंदी करताना एक रकाना वाढवावा: हे घर बंद असताना कोणी राखलं? मालकांची नावं दस्तऐवजांत सापडतात. राखण करणाऱ्यांची नावं सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.