दोन वाचक, एक पुस्तक आणि अर्धाच पत्रव्यवहार

मागच्या महिन्यात पेट देणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, "वाचकांनी एकमेकांना पुस्तकांबद्दल लिहिलेल्या पत्रांवर पीएचडी होऊ शकते का? तो काय इतिहास झाला का?" होते. मी तेच करतेय. पण अशा साधनांवर काम करताना एक चूक हमखास होते. माझीही झाली, आणि त्यात माझं एक अख्खं प्रकरण बाद झालं. आजचा लेख त्या चुकीबद्दल आहे. तुम्ही सिनॉप्सिस लिहायच्या टप्प्यावर असाल तर तो आत्ताच वाचा, माझ्यासारखं दोन वर्षांनी शहाणं होण्यात अर्थ नाही.

आधी साधनाची ओळख. वाङ्मयेतिहासात आपल्याला लेखक भेटतो, समीक्षक भेटतो, प्रकाशक भेटतो. साधा वाचक फारसा भेटत नाही, कारण वाचून झालं की तो पुस्तक मिटतो आणि कामाला लागतो. त्याचं मत उरतं कुठे? समासातल्या पेन्सिलीच्या खुणांत, मासिकाकडे आलेल्या पत्रांत, डायरीत, आणि सगळ्यात जास्त दोन वाचकांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांत. एकाने कादंबरी वाचली, दुसऱ्याला कळवलं, दुसऱ्याने "मला नाही पटलं" असं उलट लिहिलं. यासारखं दुसरं जिवंत साधन मला तरी माहीत नाही.

मराठीतली याची एक जुनी जोडी म्हणजे काशीबाई कानिटकर आणि हरि नारायण आपटे. काशीबाईंचा जन्म १८६१ चा, हरिभाऊंचा १८६४ चा. काशीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि त्या लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. नवरा गोविंदराव स्वतः कवी, इंग्रजी शिकलेला; त्याला शिकलेली बायको हवी होती. घरात वडीलधाऱ्यांचा विरोध, त्यामुळे वाचन चोरून. हीच बाई पुढे कादंबरी लिहिते आणि डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिते. हरिभाऊ हे या घराचे स्नेही. परक्या पुरुषाने परक्या बाईला पुस्तकांबद्दल पत्रं लिहावीत हेच त्या काळात अपूर्व होतं. हरिभाऊ गेल्यावर काशीबाईंनी त्यांची पत्रं पुस्तकरूपाने छापली.

आता माझी चूक. ती पत्रं वाचून मी प्रकरणाच्या मसुद्यात बिनधास्त लिहिलं होतं, "काशीबाईंना असं वाटत होतं की..." अशी वाक्यं एक नाही, नऊ. मॅडमनी सगळ्या नऊ ठिकाणी पेन्सिलीने वर्तुळं केली आणि शेजारी एकच शब्द लिहिला, "कशावरून?"

मी मनातल्या मनात चिडले. मग पुस्तक पुन्हा उघडलं आणि लख्ख दिसलं. ती हरिभाऊंची पत्रं होती. मी वाचत होते हरिभाऊंची उत्तरं, आणि त्या उत्तरांवरून काशीबाईंचं मत "ऐकत" होते. एखादा माणूस फोनवर बोलत असताना शेजारी बसून पलीकडचा काय म्हणाला असेल याचा अंदाज बांधावा, तसं. अंदाज बरोबरही असेल. पण प्रबंधात "अंदाज" असं लिहावं लागतं, "मत" असं नाही.

यात आणखी एक गाठ आहे. त्या पुस्तकात बोलतायत हरिभाऊ, पण ते छापलंय काशीबाईंनी. कोणतं पत्र ठेवायचं, कोणतं गाळायचं, हे त्यांच्या हातात होतं. म्हणजे त्या पुस्तकात काशीबाईंचा आवाज नसला तरी त्यांचा हात पानोपानी आहे. "स्त्रीचा आवाज दाबला गेला" असं एक तयार वाक्य आपल्या सगळ्यांच्या खिशात असतं, ते इथे काढण्याचा मोह मलाही झाला. पण इथलं प्रकरण इतकं सरळ नाही. त्यांचं स्वतःचं म्हणणं हवं असेल तर त्यांच्या आत्मचरित्राकडे जावं लागतं. सरोजिनी वैद्यांनी ते संपादित केलंय. मात्र आत्मचरित्र म्हणजे मागे वळून सांगितलेलं. पंचविशीत वाचलेल्या कादंबरीबद्दल उतारवयात लिहिलेलं मत हे पंचविशीतलं मत धरता येत नाही. दोन्ही साधनं घ्या, पण त्यांची वयं वेगळी आहेत हे विसरू नका.

दुसरा मुद्दा पुस्तकाच्या रूपाचा. 'पण लक्षात कोण घेतो?' ही हरिभाऊंची कादंबरी तुम्ही बहुधा जाड बांधीव पुस्तकात वाचली असेल. पहिल्या वाचकांनी ती तशी वाचलेली नाही. हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ती हप्त्याहप्त्याने आली. म्हणजे यमुनेला वैधव्य येणार, तिचं केशवपन होणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं; तेव्हाच्या वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागत होती. म्हणून त्या काळातलं कुणाचंही मत हाती लागलं तर पहिला प्रश्न हा: हा वाचक तेव्हा कुठपर्यंत पोचला होता? अर्ध्या कादंबरीवरचं मत आणि पूर्ण कादंबरीवरचं मत यांची तुलना एका तराजूत करू नका. पत्राची तारीख आणि अंकाची तारीख समोरासमोर मांडा, निम्मे गोंधळ तिथेच सुटतात.

याच कादंबरीवरून कादंबरी आणि आठवणी यांतला फरकही नीट कळतो. ती कादंबरी आहे, पण सांगितलीय यमुनेच्या तोंडून, जणू तिनेच आपली हकीकत लिहून ठेवलीय. लिहिणारा मात्र पुरुष. त्यानंतर १९१० मध्ये रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आलं, तेव्हा बाई खरोखरच स्वतःबद्दल लिहीत होती, आणि प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची होती. वाचक कादंबरीला विचारतो, "हे खरं वाटतं का?" आठवणींना तो विचारतो, "हे खरं आहे का?", आणि त्याच्या मागोमाग, "असेल खरं, पण चारचौघांत सांगायला हवं होतं का?" हा तिसरा प्रश्न बाईने लिहिलं की जास्त जोरात विचारला जातो. दोन वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न कुठे डोकावतो ते टिपत चला. तिथे साहित्याचं मत संपून समाजाचं मत सुरू होतं, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तीच जागा हवी असते.

आता दुसरी जोडी. जी. ए. कुलकर्णी धारवाडला, कॉलेजात इंग्रजी शिकवणारे, माणसांत फारसे न मिसळणारे. सुनीता देशपांडे पुण्या-मुंबईकडच्या, पु. लं.च्या घरातल्या, आणि स्वतः अतिशय चोखंदळ वाचक. भेटीगाठी थोड्या, पत्रं मात्र भरपूर. जी. ए. १९८७ मध्ये गेले. त्यानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले, त्यातल्या पहिल्या खंडात सुनीताबाईंना लिहिलेली पत्रं आहेत. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.' या नावाने २००३ मध्ये आली.

म्हणजे इथे दोन्ही बाजू आहेत. वा! असं मला वाटलं होतं. पण त्या दोन वेगवेगळ्या पुस्तकांत आहेत, आणि बहुतेक वाचकांनी त्यातलं एकच वाचलेलं असतं. मी दोन्ही शेजारी ठेवली, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली आणि तारखेनुसार यादी करायला बसले. थोड्याच वेळात लक्षात आलं की 'निवडक' हा शब्द शोभेचा नाही. निवड झाली म्हणजे काहीतरी गळलं. एका बाजूचं पत्र आहे आणि दुसऱ्या बाजूला ओळ कोरी आहे, असं होणारच. त्या कोऱ्या ओळी मी आता लाल पेनाने कोऱ्याच ठेवते. भरत नाही.

हे सांगताना सोपं वाटतं, करताना हात शिवशिवतो. आपल्याला गोष्ट पूर्ण करायची सवय असते.

या जोडीकडून आणखी एक गोष्ट शिकले. पत्रातलं मत हे नुसतं पुस्तकाबद्दल नसतं, ते समोरच्याला उद्देशून असतं. तोच माणूस तीच कादंबरी एका मित्राला "बरी आहे" म्हणून कळवतो आणि दुसऱ्याला तिच्यावर चार पानं लिहितो. तेव्हा "अमक्याचं या कादंबरीबद्दलचं मत" असं न लिहिता "अमक्याने तमक्याला कळवलेलं मत" असं लिहा. तीन शब्द वाढतात, पण व्हायवात वाचवतात.

आणि एक रुखरुख. सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं. पु. ल. हयात असताना त्यांच्या बायकोने सहजीवनाबद्दल इतकं स्पष्ट लिहिलं म्हणून घराघरांत वाद झाले, बाजू घेतल्या गेल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांबद्दल लिहिणारी वाचक आता स्वतःच चर्चेचा विषय झाली. या पुस्तकाबद्दल सगळ्या महाराष्ट्राने मत दिलं. ज्या एका वाचकाचं मत मला वाचायचं होतं, तो तीन वर्षं आधी गेला होता. ती ओळही कोरी.

आता घरची गोष्ट. आमच्या चाळीत आजी आणि शेजारच्या काकू एकाच वाचनालयाच्या सभासद होत्या. पुस्तक आधी एकीकडे, मग दुसरीकडे, मग कठड्याशी उभं राहून वाद. 'स्मृतिचित्रे' दोघींचं लाडकं. 'आहे मनोहर तरी'वरून मात्र दोघी कित्येक दिवस भांडत होत्या म्हणे. एम.ए.ला असताना मला मौखिक इतिहासाचा प्रकल्प करायचा होता. मी आजीची मुलाखत घेतली, छान दीड तास रेकॉर्ड केली. काकूंची घ्यायची राहिली. पुढच्या सुट्टीत घेऊ म्हटलं. पुढच्या सुट्टीपर्यंत काकू राहिल्या नाहीत.

आजही रेकॉर्डिंग लावलं की आजी म्हणते, "छे, तिला ते मुळीच पटलं नव्हतं." का पटलं नव्हतं, ते आजी सांगते, पण आजीच्या शब्दांत. मॅडमनी मसुद्यावर "कशावरून?" लिहिलं त्या दिवशी मला सगळ्यात आधी काकू आठवल्या.

तर करायचं काय? थोडक्यात माझी पद्धत सांगते. पत्र हातात आलं की पाच गोष्टी टिपा. कोणी कोणाला लिहिलं. कधी लिहिलं, आणि पुस्तकाचं कोणतं रूप तेव्हा हातात होतं, हप्ता की बांधीव, मूळ की भाषांतर. पत्र आपल्यापर्यंत कोणी पोचवलं, म्हणजे कोणी जपलं, निवडलं, छापलं. याला उत्तर आलं होतं का, आणि ते कुठे आहे. आणि शेवटचं, उत्तर नसेल तर मी त्याच्या जागी काय कल्पून बसलेय. पाचवा रकाना रोज भरा, लाज वाटली तरी भरा.

माझ्या त्या नऊ वाक्यांपैकी तीन पुराव्यावर टिकली, चार मी "हरिभाऊंच्या उत्तरावरून असं दिसतं" अशी फिरवली आणि दोन काढून टाकली. प्रकरण सहा पानांनी बारीक झालं. मॅडमनी या वेळी एकही वर्तुळ केलं नाही.

तुमचा विषय काहीही असो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या ओळखीत पुस्तकं वाचून वाद घालणारी दोन म्हातारी माणसं असतील, तर दोघांशीही बोला. एकाशी बोलून घरी येऊ नका.