कागदावरची गावे

गावे बहुधा आपोआप वसतात. कोणी पाण्याच्या शोधात येतो, कोणी दुष्काळाला कंटाळून येतो, आणि चार झोपड्यांचे पुढे गाव होते. परंतु गाव आधी नकाशावर उमटावे, त्याला नावाऐवजी क्रमांक मिळावा आणि मग त्यात राहण्यासाठी माणसे निवडून आणावीत, असाही एक प्रयोग आपल्या देशात झाला. ब्रिटिश अमदानीतील पंजाब प्रांताच्या कालवा-वसाहतींची ही हकीकत आहे.

चिनाब आणि रावी या नद्यांमधल्या दुआबातील उंच, कोरड्या माळाला ‘बार’ म्हणत. तेथे उंट व गुरे राखणाऱ्या जमाती फिरत असत. 1892 मध्ये चिनाबचा बारमाही कालवा वाहू लागला आणि सरकारने हा मुलूख पडीक, म्हणून सरकारी, ठरविला. अमृतसर, जालंदर, होशियारपूर, सियालकोट अशा दाट वस्तीच्या जिल्ह्यांत जमिनीचे तुकडे पडत चालले होते. तेथील शेतकरी इकडे आणावा, म्हणजे तिकडचा भार हलका होईल, इकडे महसूल वाढेल आणि राजनिष्ठ कुणब्यांचा एक वर्ग तयार होईल, असा हा तिहेरी हिशेब होता.

आखणी मोठी चोख होती. सारी जमीन सुमारे 28 एकरांच्या चौरसांत मोजली गेली. पुढे एका चौरसाचे 25 समान भाग पाडण्यात आले. बहुतेक जमीन ‘आबादकार’ म्हणजे साध्या शेतकऱ्यांसाठी होती; त्यांच्या वर ‘सफेदपोश’ आणि सर्वांत वर ‘रईस’ अशा पायऱ्या होत्या. मुख्य गाव लायलपूर (आजचे फैसलाबाद). तेथे मध्ये घड्याळाचा मनोरा आणि त्यातून आठ दिशांना निघणारे आठ बाजार. 1901 च्या खानेसुमारीपर्यंत या वसाहतीची लोकसंख्या साडेसात लाखांवर गेली. गहू आणि कापूस आगगाडीने कराचीच्या बंदराकडे जाऊ लागला. योजना म्हणून पाहता हे यश थोडेथोडके नव्हते.

मात्र या नकाशात दोन गोष्टी नीट मावल्या नाहीत. पहिली म्हणजे तेथे आधीपासून असलेला माणूस. त्या पशुपालकांना नव्या दप्तरात ‘जांगली’ हे नाव मिळाले. त्यांतल्या अनेकांना जमिनी दिल्या हे खरे. पण ज्या माळावर त्यांची गुरे चरत आली, त्यावर त्यांचा हक्क असू शकतो हे मान्य झाले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नव्याने आलेल्या माणसाचे मन. शेतकरी आला, त्याने झुडपे तोडली, चर खणले, पिके घेतली. सरकारच्या लेखी मात्र तो अटींनी बांधलेला कूळच राहिला. घर कोठे बांधावे, झाडे किती लावावीत, गावात राहावे की नाही, या साऱ्यांना नियम होते आणि नियम मोडल्यास दंड होता. दंड करणारे कनिष्ठ कर्मचारी हात ओले केल्याशिवाय हलत नसत. झेलमच्या वसाहतीत तर जमीन घेणाऱ्यावर लष्करासाठी घोडी पाळण्याची अट घातली गेली.

1906 मध्ये सरकारने हे निर्बंध अधिक कडक करणारे विधेयक आणले. वारसा सरकारी नियमाने ठरणार आणि दंडाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा त्याचा रोख होता. ज्यांना राजनिष्ठेचा आधारस्तंभ म्हणून आणले, तेच शेतकरी लायलपुरात सभा भरवू लागले. मे 1907 मध्ये लाला लजपतराय आणि सरदार अजितसिंग यांना मंडालेला हद्दपार करण्यात आले. पण या शेतकऱ्यांचे भाईबंद फौजेत होते. त्याच महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांनी विधेयकाला संमती नाकारली. 1912 च्या कायद्याने पुढे मालकी हक्क विकत घेण्याचा मार्ग मोकळा झाला.

या कथेचा शेवट मात्र कोणत्याही आराखड्यात नव्हता. 1947 मध्ये या वसाहतींतील शीख व हिंदू शेतकरी बैलगाड्यांचे तांडे करून पूर्वेकडे निघाले. त्यांच्या पुनर्वसनाचे काम त्रिलोकसिंग या सनदी अधिकाऱ्याकडे आले. मागे राहिलेली जमीन सुमारे 39 लाख प्रमाण-एकर, वाटण्यास उपलब्ध सुमारे 24 लाख. तेव्हा कपात करणे भागच होते. परंतु ती चढत्या श्रेणीने झाली : लहान शेतकऱ्याला कमी, मोठ्या जमीनदाराला जबर. दावे तपासताना गावकऱ्यांसमोर शहानिशा केली गेली. वसाहतीतून परतलेल्यांना शक्यतो त्यांच्या पूर्वजांच्या जिल्ह्यांतच जमीन देण्यात आली. आजोबा जो जिल्हा सोडून गेला, त्याच जिल्ह्यात नातू रिकाम्या हाताने परत आला.

शासनाच्या नोकरीत आम्हा मंडळींना आराखड्यांचा मोह फार. तो अगदी निंद्य आहे असे मी म्हणणार नाही. आराखड्यावाचून एवढे पाणी एवढ्या शेतांपर्यंत पोहोचले नसते, आणि 1947 नंतरचे वाटपही झाले नसते. पण चौरस आखताना त्यात आधी कोण राहतो आणि उद्या त्याला आपले कोण म्हणणार, हे दोन प्रश्न विचारायचे राहिले, तर नकाशा बिनचूक असूनही योजना चुकते. जमीन मोजता येते. तिच्यावर घाम गाळणाऱ्याचा आपलेपणा कोणत्याही साखळीने मोजता येत नाही.