तालमीचा उंबरठा

सिद्धेश्वरच्या धरणाकडून औंढा नागनाथमार्गे हिंगोलीत शिरलं की पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा अशी नावं आजही कानावर पडतात. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. त्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक व्यापारी होता, बाजारात चांगली पत असलेला. एकदा त्याने मुंबईहून कापड आणायचं म्हणून कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना मिळवला. कापड आलं आणि छावणीत उघडपणे विकलंही गेलं. पुढे पकडला गेल्यावर हरिसिंगनेच कबुली दिली, की तो माल दुसऱ्याच व्यापाऱ्याचा होता. त्या व्यापाऱ्याला त्याच्या माणसांसकट वाटेत ठार मारलं होतं. हरिसिंग हा त्या मुलखातल्या ठगांचा म्होरक्या होता.

ही हकिकत इंग्रज अधिकारी मेडोज टेलरने १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’च्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. त्याचा स्वतःचाही हरिसिंगशी व्यवहार झाला होता. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात माणसांचे गळे आवळले गेले, असंही तो लिहितो.

गुन्हेगारीचा डाग असलेल्या पोराला वस्तादाने तालमीत घ्यावं का, हा प्रश्न आजही अधूनमधून निघतो. त्याचा विचार करताना हा हरिसिंग डोळ्यांपुढे ठेवावा. त्याच्या नावावर एकही डाग नव्हता. सरकारी परवाना खिशात होता. कागद पाहून माणूस पारखणाऱ्याने त्याला आनंदाने दार उघडलं असतं.

इंग्रजांच्या ठगांविरुद्धच्या मोहिमेतून मात्र सरकारदरबारी एक भलताच समज पक्का झाला: गुन्हा रक्तातून, जातीतून येतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच समजावर उभा होता. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गडांवर आणि गावांत पहारा दिला, त्या रामोश्यांवर, आणि पारधी, कैकाडी, बेरड अशा कितीतरी जमातींवर जन्मतःच शिक्का बसला. हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. पाळण्यातलं मूलही संशयित.

आता पुण्याकडे वळू. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता साळवे या जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. त्यातला एक तपशील अंगावर काटा आणतो. बाजीराव पेशव्याच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला, तर त्याचं मुंडकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीच्या दांडूने चेंडूसारखं खेळत, असं ती लिहिते. उंबरठा ओलांडण्याची गोष्टच सोडा, तालमीसमोरून चालणं हाच गुन्हा. अपराध काय, तर जन्म.

त्याच मांग समाजातल्या एका माणसाने पुण्यात स्वतःची तालीम काढली. लहुजी राघोजी साळवे, म्हणजे लहुजी वस्ताद. जन्म १७९४ चा, पुरंदरच्या पायथ्याचा. वडील राघोजी १८१७ मध्ये इंग्रजांशी लढताना पडले, असं परंपरा सांगते. लहुजींच्या हाताखाली दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकलेल्यांत जोतीराव फुले होते. वासुदेव बळवंत फडकेही त्यांचेच शिष्य मानले जातात. याच फडक्यांनी १८७९ मध्ये रामोश्यांना सोबत घेऊन इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं. एकाच वस्तादाचा एक शिष्य शाळा काढतो, दुसरा बंड करतो आणि एडनच्या तुरुंगात मरतो. सरकारच्या वहीत फडके दरोडेखोरच होते.

जोतीरावांच्या आयुष्यातला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. त्यांचे चरित्रकार तो १८५६ चा सांगतात. मध्यरात्री दोन मारेकरी घरात शिरले, रोडे रामोशी आणि धोंडीराम नामदेव कुंभार. पैशासाठी मारायला आले होते. जोतीराव जागे झाले, दोघांशी बोलले, आपला जीव घेऊन तुमचं भलं होणार असेल तर घ्या म्हणाले. दोघांच्या हातून शस्त्र चाललं नाही. मग जोतीरावांनी त्यांना चौकीत नेलं नाही, आपल्या रात्रीच्या शाळेत बसवलं. रोडे पुढे त्यांचा अंगरक्षक झाला. धोंडीराम शिकून पंडित झाला, सत्यशोधक समाजाचा खंदा कार्यकर्ता झाला. यापेक्षा मोठा गुन्हेगारी पूर्वेतिहास शिष्याचा असू शकतो का? ज्याला मारायला आले, तोच त्यांचा गुरू झाला.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कुस्तीसाठी खासबाग मैदान उभं केलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच राजाने १९१८ मध्ये आपल्या संस्थानातली जातीवरची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याची कामं दिली, हे कमी सांगितलं जातं. या दोन गोष्टी एकत्र सांगायला हव्यात.

डाग असलेल्या पोराला घेताना वस्तादाला वाटणारी भीती खोटी नसते. शिकवलेला डाव रस्त्यावर वापरला गेला तर नाव तालमीचं जातं, आणि आखाड्यात इतरांची लहान पोरंही असतात. पण तालमीकडे यावर जुनी तजवीज आहे. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला डाव कोण शिकवतं? त्याच्या हाती फावडं येतं. माती खणायची, चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचं. पहाटे उठून जोर-बैठका मारायच्या, थोरल्यांचं अंग रगडायचं. महिनोन् महिने हे चालतं, आणि वस्ताद बघत असतो: पोरगा चिडतो का, खोटं बोलतो का, पडलेल्याला हात देतो का. शिवाय एक डाव वस्ताद राखून ठेवतो, ही म्हण उगाच पडलेली नाही. ज्याने कोणाच्या जिवावर हात टाकला आहे, त्याच्या हाती पट्टा किंवा भाला लवकर देऊ नये. माती मात्र नाकारू नये.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा तो काळा कायदा देशभरात संपला. महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत आज १४ जाती आहेत, त्यात बंजारेही येतात, आणि हिंगोली जिल्ह्यात त्यांचे तांडे जागोजाग आहेत. २०१५ चा बाल न्याय कायदा तर स्पष्टच सांगतो: अल्पवयात हातून घडलेल्या गुन्ह्यामुळे मूल पुढे कशालाही अपात्र ठरत नाही, अपवाद फक्त प्रौढ म्हणून खटला चाललेल्या, सोळा वर्षांवरच्या मुलांचा. सिद्धेश्वर-औंढ्याच्या पट्ट्यातल्या वस्तादांना एवढीच विनंती, की तांड्यावरचा किंवा पालातला पोरगा दारात उभा राहिला तर आधी त्याच्या हातात फावडं द्या, आणि चौकशी सहा महिन्यांनी करा.