टांगा दिला, हाकायला नकार दिला

"दुकान त्याचं, श्रद्धा त्याची, कुणाला सेवा द्यायची ते तो ठरवेल." हा युक्तिवाद हल्ली आपल्या शिकलेल्या पोरांच्या तोंडीही ऐकू येतो. वर जोड असते, सक्ती कशाला, दुसऱ्या दुकानात जा! या मंडळींना आम्ही १९२९ च्या चाळीसगावला नेऊ इच्छितो.

अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते. खानदेशातल्या कामानंतर ते चाळीसगाव स्टेशनवर थांबले. न्यायला आलेली माणसं हार घेऊन हजर, महारवाडा पायी जाण्याइतका जवळ, बाहेर भाड्याचे टांगे उभे. तरी तासभर खोळंबा झाला. कारण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचाच आणा. हाकायची सवय नसलेला आपला माणूस पुढे बसला. नदीवरच्या मोरीवर चाक दगडाला धडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा टांग्यासकट नदीत कोसळला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

टांगेवाल्याने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. त्याने फक्त "नकार" दिला. भाडं मात्र घेतलं. म्हणजे त्याचा धर्म पैशाने बाटत नव्हता, घोड्याने बाटत नव्हता, लगाम हातात घेतल्याने बाटत होता! श्रद्धेच्या नावाखाली तो जपत होता ती प्रतिष्ठा. बॅरिस्टर मागे बसला तरी आपण वरचेच, ही.

१९ वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेत मसुद्याच्या नवव्या अनुच्छेदावर (आजचा १५) चर्चा चालू होती. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं सर्वांना खुली, असं त्यात होतं. "दुकान" म्हणजे काय? बाबासाहेबांनी केलेला खुलासा प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. सेवा मागायला येईल त्याला ती द्यायला मालक जिथे तयार असतो ते दुकान. आणि हा शब्द नुसत्या प्रवेशापुरता नाही, अटी मान्य असतील तर सेवा मिळण्यापर्यंत जातो. डॉक्टर-वकिलांचं काय? जो कोणी सेवा देऊ करतो, तो यात आलाच, असं त्यांचं उत्तर होतं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने याच व्याख्येचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थाही त्यात बसवल्या.

चाळीसगावात टांगा मिळाला होता, सेवा मिळाली नव्हती. हा फरक त्या खुलाशात आम्हाला स्पष्ट दिसतो.

आता म्हणतील, धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद २५ आहे ना! आहे. पण तो सुरूच होतो मर्यादा घालून : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि याच भागातल्या इतर तरतुदींच्या अधीन राहून. त्या "इतर तरतुदीं"मध्ये १५ येतो, १७ येतो. घरात पूजा करा, उपास करा, कुणी अडवत नाही. पाटी लावून धंदा मांडला की गणित बदलतं.

हा वाद फक्त आपलाच नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात पिगी पार्क नावाच्या खाणावळींचा मालक काळ्या गिऱ्हाईकांना बसून खाऊ देत नव्हता. १९६४ चा नागरी हक्क कायदा देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, असा बचाव त्याने कोर्टात केला. १९६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो उघडउघड पोकळ ठरवला. आपल्याकडच्या चहाच्या टपरीवरच्या वेगळ्या कपाचा हा सख्खा भाऊ.

आपल्याकडे १९५५ चा कायदा आहे, १९७६ पासून त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा. कलम ६ म्हणतं, इतरांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर माल किंवा सेवा देता, तशीच अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारली तर तो गुन्हा. म्हणून सलूनमध्ये नकार मिळाला तर नुसतं चिडून परतू नका. वेळ लिहा, तेव्हा खुर्चीत कोण बसलं होतं ते लिहा, दर लिहा. "मला कारण माहीत नव्हतं" असं मालक म्हणेल. त्यासाठी कलम १२ आहे : गिऱ्हाईक अनुसूचित जातीचं असेल (१९९० पासून त्यात बौद्धही आले), तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून झालं असं न्यायालय गृहीत धरतं. उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकावर.