झारचा मुक्काम आणि एव्हलिनचे घर

आपले घर चार दिवसांसाठी किंवा चार महिन्यांसाठी परक्याच्या हवाली करावयाचे, हा व्यवहार जुना आहे, आणि त्यातली तक्रारही तितकीच जुनी आहे. आज महाबळेश्वरला किंवा कोकणात समुद्राकाठी घर भाड्याने देणारा मालक आगाऊ अनामत मागून घेतो, खोल्यांचे फोटो काढून ठेवतो, रात्री गोंगाट करू नये अशी पाटी भिंतीवर लावतो. एवढे करूनही फुटलेली काच आणि डागाळलेली गादी कधी ना कधी त्याच्या वाट्याला येतेच. पण पाटी वाचणारा पाहुणाच राजा असला तर? त्याला नियम सांगावयाचे कोणी, आणि तो गेल्यावर भरपाई मागावयाची कोणाकडे? हा प्रश्न १६९८ साली लंडनजवळच्या एका गृहस्थासमोर खरोखरच उभा राहिला. इकडे दक्षिणेत जिंजीचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेच हे साल.

गृहस्थाचे नाव जॉन एव्हलिन. त्याची रोजनिशी आज इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पण त्याच्या हयातीत त्याची कीर्ती होती ती झाडांचा जाणकार म्हणून. वृक्षांवरचा त्याचा ‘सिल्वा’ हा ग्रंथ १६६४ साली प्रसिद्ध झाला. थेम्स नदीकाठी डेप्टफर्ड येथे सेज कोर्ट नावाचे त्याचे घर होते. ते मूळचे त्याच्या बायकोच्या माहेरचे. तेथे १६५० नंतरच्या काळात त्याने बाग करावयास घेतली आणि पुढे चाळीस वर्षे तिच्यावर जीव लावला. या बागेत हॉली नावाच्या झाडाचे एक कुंपण होते. हॉलीची पाने चकचकीत आणि काटेरी, फळे तांबडी. हे झाड फार सावकाश वाढते. एव्हलिनचे कुंपण ४०० फूट लांब, ९ फूट उंच आणि ५ फूट जाड होते. कुंपण म्हणण्यापेक्षा तटच म्हणाना!

म्हातारपणी, १६९४ साली, एव्हलिन सरे परगण्यातल्या आपल्या वडिलोपार्जित घरी राहावयास गेला. सेज कोर्ट रिकामे ठेवण्यापेक्षा भाड्याने द्यावे, असे त्याने ठरविले. १६९६ साली ते जॉन बेनबो या आरमारी अधिकाऱ्याने घेतले. बेनबो समुद्रावर शूर होता, यात शंका नाही. भाडेकरू म्हणून मात्र एव्हलिनला तो पसंत पडला नाही. आपण कष्टाने उभे केलेले सारे डोळ्यांदेखत बिघडत चालले आहे, जरा सभ्य भाडेकरू मिळावयास हवा होता, असे त्याने एका पत्रात लिहून ठेवले. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची त्या बिचाऱ्याला काय कल्पना!

त्या सुमारास रशियाचा झार पीटर युरोपच्या प्रवासाला निघाला होता. वय अवघे पंचवीस. उंची साडेसहा फुटांच्या वर. त्याला जहाजे बांधण्याची विद्या शिकावयाची होती, आणि ती दरबारात बसून नव्हे, तर हातात कुऱ्हाड घेऊन. हॉलंडमध्ये त्याने गोदीत सुतारकाम केले. १६९८ च्या जानेवारीत तो इंग्लंडला आला. प्रवासात त्याने पीटर मिखाइलोव्ह असे साधे नाव धारण केले होते. तो झार आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण तसे म्हणावयाचे कोणी नाही! सेज कोर्ट राजाच्या गोदीला लागूनच होते. त्यामुळे इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या सरकारने ते घर या पाहुण्याला मिळवून दिले. बेनबो बाहेर पडला आणि झार आपल्या मंडळींसह आत आला. बागेतून थेट गोदीत जाता यावे म्हणून मधल्या भिंतीला दार पाडले. सारा खर्च राजाचा. म्हणजे घराचा मालक एक, त्याचा भाडेकरू दुसरा, राहणारा तिसरा आणि पैसे देणारा चौथा. अशा व्यवहारात घराची काळजी कोण वाहणार, हे सांगावयास नको.

घरात एव्हलिनचा एक नोकर होता. त्याने धन्याला कळविले की घर माणसांनी भरून गेले आहे आणि मंडळी अतिशय अस्वच्छ आहेत. झार तुमच्या ग्रंथालयाशेजारी निजतो. नोकराच्या हाती तक्रार लिहिण्यापलीकडे काय होते?

एप्रिलमध्ये पाहुणे गेले आणि मागे काय उरले ते उघडे पडले. बेनबोने सरकारकडे अर्ज केला. घर व बाग होती तशी परत करण्याचे मी मालकाला बांधून दिले आहे, आता मी काय करू, असा त्याचा मुद्दा होता, आणि तो रास्त होता. सरकारने पाहणीला माणूस नेमला तो साधासुधा नव्हे. सेंट पॉलचे मंदिर बांधणारा सर ख्रिस्तोफर रेन. बागेसाठी राजाचा माळी जॉर्ज लंडन त्याच्याबरोबर होता. त्यांच्यापुढे आलेल्या याद्या वाचण्यासारख्या आहेत. सुमारे तीनशे काचा फुटलेल्या, पन्नासएक खुर्च्या मोडलेल्या किंवा नाहीशा झालेल्या, वीस चित्रे फाटून चौकटी तुटलेल्या, बिछाने आणि चादरी चिंध्या झालेल्या. तीन एकचाकी हातगाड्या ‘मोडल्या व हरवल्या’ अशीही नोंद आहे. माळ्याने लिहिले की हिरवळीवर उड्या आणि कसरती करून मंडळींनी खड्डे पाडले आहेत, वाटांवरची खडी उखडली आहे, भाजीच्या वाफ्यांत तण माजले आहे.

त्या हातगाड्यांवरून पुढे एक गोष्ट पसरली. झार स्वतः हातगाडीत बसे, आणि सोबती त्याला ढकलीत नेऊन त्या हॉलीच्या कुंपणात घुसवीत, हा त्याचा आवडता खेळ होता, असे सांगतात. गोष्ट मजेची आहे. पुष्कळ पुस्तकांत ती आढळते. पण सरकारी यादीत तसे काही नाही. कुंपणे जशी छाटावयास हवीत तशी छाटलेली नाहीत, एवढेच माळी म्हणतो. माझ्या मते यादीवर भरवसा ठेवावा आणि गोष्टीचा आनंद घ्यावा. शिवाय यादीतले सारे नुकसान झारच्याच हातचे, असेही समजू नये. बेनबोच्या कारकिर्दीतले थोडेफार त्यात मिसळले नसेलच, असे कोण सांगेल? भरपाईचा अर्ज करणारा मनुष्य आपली फुटकी भांडीही त्यात घालतो, हा जगाचा अनुभव आहे.

हिशेब असा झाला. घराच्या दुरुस्तीला १०७ पौंड ७ शिलिंग आणि बागेला ५५ पौंड, मिळून एव्हलिनला १६२ पौंड ७ शिलिंग. बेनबोला सामानाबद्दल १५८ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. झारच्या पहारेकऱ्यांनी शेजारच्या एका माणसाचे घर वापरून खराब केले होते, त्याला ३० पौंड. एकूण ३५० पौंड ९ शिलिंग ६ पेन्स. पैसे इंग्लंडच्या खजिन्यातून द्यावयाचे ठरले. झारला बिल दाखविले नाही. उलट राजाने त्याला एक उत्तम जहाज भेट दिले. राज्यकारभाराच्या दृष्टीने पाहिले तर सरकार वाईट वागले नाही. पाहुणा आम्ही आणला, तेव्हा भुर्दंड आमचा, हे त्याने मान्य केले. असे मान्य करणारी सरकारे त्या काळी फार नव्हती.

पण ५५ पौंडांत खडी घालता येते, तण काढता येते, हिरवळ पुन्हा लावता येते. चाळीस वर्षांची वाढ पौंडांत कशी बसवावयाची? जूनमध्ये एव्हलिन स्वतः जाऊन घर पाहून आला आणि झारने त्याची काय दैना केली हे त्याने रोजनिशीत टिपले. पुढे ‘सिल्वा’च्या १७०६ च्या आवृत्तीत त्या कुंपणाचे वर्णन आले आहे. लांबी, उंची, जाडी, सारे मोजून दिले आहे. आणि आपल्या आता उद्ध्वस्त झालेल्या बागेचा उल्लेख करताना मॉस्कोच्या झारचे खोचक आभारही मानले आहेत. त्याच वर्षी एव्हलिन वारला.

१७२८ च्या सुमारास सेज कोर्ट पाडले गेले, आणि नंतर त्या जागी गरिबांसाठी वर्कहाऊस उभे राहिले. आता तेथे एक लहानसे सार्वजनिक उद्यान आहे. जवळच्या एका रस्त्याला झारचे नाव आहे, दुसऱ्याला एव्हलिनचे. २००१ साली नदीकाठी पीटरचा पुतळाही बसविण्यात आला. उद्यानात एक जुने तुतीचे झाड आहे. ते झारने आपल्या हाताने लावले, असे तिथले लोक सांगतात. काही जण मात्र ते एव्हलिनचेच म्हणतात.